सल्ला मिळाला की सरकारने उत्तर द्यायलाच हवं

हवामान बदलावर तज्ज्ञ समिती नेमल्याची बातमी आली की माझा पहिला प्रश्न असतो: समितीचा अहवाल सरकारला आवडला नाही तर पुढे काय? अध्यक्ष कोण, सदस्य कोण, हे सगळं नंतर.

ब्रिटनने याचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलंय. २००८ च्या क्लायमेट चेंज ॲक्टने तिथे एक स्वतंत्र समिती उभी केली, क्लायमेट चेंज कमिटी. पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांत देशाचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन किती असावं, ती मर्यादा ही समिती सुचवते, आणि तीही साधारण १२ वर्षं आधी. म्हणजे मधल्या काळात दोन-तीन निवडणुका होऊन जातात. आता महत्त्वाचं. दरवर्षी ३० जूनपर्यंत समितीने प्रगतीचा अहवाल संसदेपुढे ठेवायचा आणि १५ ऑक्टोबरपर्यंत सरकारने त्याला उत्तर द्यायचं. तारखा कायद्यात आहेत, मंत्र्यांच्या सोयीवर नाहीत. सल्ला मानायची सक्ती नाही, पण सुचवलेल्यापेक्षा वेगळी मर्यादा ठरवली तर कारणं जाहीर करावी लागतात.

मे २०१९ मध्ये समितीने २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण, गाठण्याची शिफारस केली. जूनमध्ये थेरेसा मे सरकारने ८० टक्के कपातीचं जुनं उद्दिष्ट बदलून ती कायद्यात आणली. जॉन गमर, म्हणजे लॉर्ड डेबेन, हे हुजूर पक्षाचे माजी पर्यावरण मंत्री. समितीचे अध्यक्ष असताना, डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या सरकारने कंब्रियात नव्या कोळसा खाणीला परवानगी दिली, तेव्हा त्यांनी त्यावर उघड आणि कडक टीका केली. स्वतंत्र समिती म्हणतात ती ही.

निवडून न आलेल्यांनी धोरण का ठरवायचं, असा आक्षेप तिथेही घेतला जातो. मला तो पटत नाही. शेवटचा निर्णय संसदेचाच असतो. फक्त तो लपूनछपून घेता येत नाही. अर्थात हा कायदाही अमरपट्टा घेऊन आलेला नाही. सत्तेत आलो तर तो रद्द करू, असं हुजूर पक्षाच्या केमी बेडनॉक यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलंय. २००८ मध्ये याच पक्षाने त्याला पाठिंबा दिला होता!

आणि आपल्याकडे? २००७ मध्ये हवामान बदलासाठी परिषद नेमली, तिचे अध्यक्ष स्वतः पंतप्रधान. सरकारच सरकारला काय सुनावणार?

माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीचं काय झालं, ते आठवलं की आजही जीव तुटतो. समितीचा विषय घाटाची परिसंस्था हा होता, पण गोष्ट तीच. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर झाला आणि दाबून ठेवला गेला. माहिती अधिकारात अर्ज झाले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. लगेच त्याच वर्षी, त्या अहवालाचा फेरविचार करायला कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती. घाटाचा कोणता भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जपायचा, त्या अधिसूचनेचे २०१४ पासून मसुद्यांवर मसुदे निघताहेत. सहाव्या मसुद्याची तारीख ३१ जुलै २०२४. आदल्याच दिवशी पहाटे याच घाटातल्या, केरळच्या वायनाडमध्ये दरडीखाली शेकडो माणसं गेली होती.

तज्ज्ञांची वानवा आपल्याकडे कधीच नव्हती. सरकारला उत्तर द्यायला भाग पाडणारं कलम नाही. म्हणून महाराष्ट्रापुरती तरी माझी मागणी सरळ आहे: राज्याची स्वतंत्र हवामान समिती कायद्याने नेमा, तिचा अहवाल दर पावसाळी अधिवेशनात सभागृहात मांडा आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सरकारचं मुद्देसूद लेखी उत्तर पटलावर ठेवा.