मुलांचं लक्ष आठ सेकंदांचं नाही

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या पालकसभेत एका पालकांनी मोबाइल काढून एक मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. तुम्हालाही तो कधी ना कधी आला असेल. "२००० साली माणसाचं लक्ष १२ सेकंद टिकायचं. आता ८ सेकंद टिकतं. गोल्डफिश माशाचं ९ सेकंद टिकतं. म्हणजे आपली मुलं माशाच्याही खाली गेली! म्हणूनच कंपन्यांनी जाहिरात ६ सेकंदांवर आणली. रोज १०,००० जाहिराती मुलांच्या डोळ्यांसमोरून जातात. पण काळजी नको, ही पिढी चतुर आहे. जाहिरात लगेच ओळखते, स्किप करते, तिच्यावर काही परिणाम होत नाही."

खुर्च्या मांडायला थांबलेली नववीची काही मुलं मागे भिंतीला टेकून उभी होती. पालक माना डोलावत होते आणि ती मुलं खाली बघत होती. मी त्यांना मराठी शिकवते. त्या दिवशी मला उठून बोलता आलं नाही, कारण हे खोटं आहे असं नुसतं वाटणं पुरेसं नव्हतं. घरी येऊन एकेक वाक्य तपासलं.

आधी ते १२, ८ आणि ९. हे आकडे जगभर पसरले ते २०१५ साली, मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या जाहिरात विभागाच्या एका अहवालातून. तो अहवाल शिक्षकांसाठी नव्हता, पालकांसाठीही नव्हता. ग्राहकाचं लक्ष कसं मिळवावं हे जाहिरातदारांना सांगण्यासाठी तो काढलेला होता. त्यासाठी २,००० कॅनडियन लोकांची पाहणी केली होती, ११२ जणांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या होत्या. पण हे तीन आकडे त्या पाहणीतून आलेलेच नाहीत. ते 'स्टॅटिस्टिक ब्रेन' नावाच्या एका वेबसाइटवरून उचलून एका चित्रात टाकले होते. वर्तमानपत्रांनी ते चित्र घेतलं आणि बाकीचा अहवाल सोडून दिला. २०१७ मध्ये बीबीसीच्या पत्रकारानं त्या वेबसाइटनं दिलेल्या मूळ संस्थांकडे विचारणा केली: अमेरिकेची राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाशी जोडलेली संस्था आणि असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था. दोन्हीकडे असं संशोधन सापडलं नाही.

त्या वेबसाइटवर आधार म्हणून नाव दिलेला एक अभ्यास मात्र खरोखर आहे, २००८ साली प्रसिद्ध झालेला. त्यात २५ माणसं वेबपान किती वेळ उघडं ठेवतात हे नोंदवलं होतं. १७ टक्के वेळा पान ४ सेकंदांच्या आत बंद झालं, ४ टक्के वेळा १० मिनिटांहून जास्त वेळ उघडं राहिलं. आता विचार करा. तुम्ही सकाळी पेपर उघडता, बाजारभावाचं पान क्षणात उलटता आणि अग्रलेखावर दहा मिनिटं थांबता. बाजारभावाच्या पानावरचा क्षण मोजून कोणी तुम्हाला 'लक्ष नसलेला माणूस' म्हटलं तर चालेल? नको ते पान पटकन उलटायलाही लक्षच लागतं. 'माणसाचं सरासरी लक्ष' असा एकच आकडा मानसशास्त्रात नाही. काम कोणतं, त्यात गोडी किती, थकवा किती, शेजारी कोण बडबडतंय, यावर ते ठरतं. गणपतीच्या आधी महिनाभर रोज दोन-दोन तास ढोलाचा सराव करणारी मुलं माझ्याच वर्गात आहेत, आणि त्यांतलीच दोघं समास शिकवताना खिडकीबाहेर बघतात. त्यात माझ्या शिकवण्याचाही वाटा आहे, हे मला मान्य केलंच पाहिजे.

आणि बिचाऱ्या गोल्डफिशबद्दलही. १९६०च्या दशकात मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड ॲग्रॅनॉफ यांनी स्मृती कशी पक्की होते हे शोधण्यासाठी निवडला तो हाच मासा. दिवा लागला की टाकीतला अडथळा ओलांडून पलीकडे जायचं, नाहीतर विजेचा धक्का, हे मासे शिकले आणि काही दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हाही त्यांच्या लक्षात होतं. शिकवल्याबरोबर मेंदूत प्रथिनं तयार होणं औषधानं थांबवलं तर मात्र ते विसरत. लांब टिकणाऱ्या स्मृतीला प्रथिनं लागतात, हे ज्या प्रयोगांतून पुढे आलं त्यांत या माशाच्या चांगल्या स्मरणशक्तीचा मोठा हात आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पडद्यावरचं लक्ष विखुरतंय, याला भक्कम पुरावा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसात काम करणारी माणसं स्क्रीनवरच्या एका गोष्टीवर किती वेळ थांबतात हे मोजलं. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं, २०१२ मध्ये ७५ सेकंद, पुढच्या वर्षांत सुमारे ४७ सेकंद. पण ही नोकरी करणारी प्रौढ माणसं आहेत, शाळकरी मुलं नाहीत. लक्ष तुटतंय असं म्हणायचं असेल तर आरसा आपल्याकडेही फिरवावा लागेल. पालकसभेत तो मेसेज वाचून होईपर्यंत किती मोठ्या माणसांनी फोन बघितला, हे त्या मुलांनी पाहिलंच असेल.

"म्हणून जाहिरात ६ सेकंदांवर आणली." इथे कारण उलटं लावलंय. २०१०च्या शेवटी यूट्यूबनं पाच सेकंदांनंतर जाहिरात ओलांडण्याची सोय दिली आणि जगभरातल्या प्रेक्षकांनी ती मनापासून वापरली. २०१६ मध्ये सहा सेकंदांची जाहिरात आली, ती ओलांडता येत नाही. इतकी लहान ठेवली की माणूस थांबतो, वैतागून निघून जात नाही. बोट बटणावर ठेवून पाच सेकंद मोजणाऱ्या मुलीचं लक्ष पूर्ण शाबूत असतं. तिला तिचं गाणं हवं असतं, साबण नको असतो.

दहा हजारांचा आकडा पटकन निकालात काढता येतो. १९५७ साली अमेरिकेतल्या जाहिरात क्षेत्रातल्या एडविन एबेल यांनी अंदाज केला की चार जणांच्या कुटुंबासमोर रोज १,५१८ जाहिराती येतात. पुढे 'कुटुंब' गळालं, आकडा एकट्या माणसाला चिकटला आणि अशा आकड्यांत दर काही वर्षांनी भर पडत गेली. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या बावर आणि ग्रेसर यांच्या पाहणीत मात्र लोकांच्या हातात मोजणीयंत्र दिलं होतं: जाहिरात जाणवली की दाबा. सरासरी आली दिवसाला ७६. समोरून जाणं आणि जाणवणं यांत एवढं अंतर आहे.

आता शेवटचं वाक्य. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे, कारण ते गोड आहे. 'आपली मुलं चतुर आहेत' हे कोणत्या आईबापाला ऐकावंसं वाटणार नाही?

लहान मुलांचं आधी घेऊ. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटानं २००४ मध्येच सांगितलं की आठ वर्षांखालच्या मुलांना समोरचा आपल्याला काही विकू बघतोय हे नीट उमगत नाही. २००७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या ६३ मुलांना एकच पदार्थ दोनदा दिला, एकदा साध्या कागदात आणि एकदा मॅकडोनाल्ड्सचं नाव छापलेल्या कागदात. निम्म्याहून जास्त मुलांना नाव छापलेल्या कागदातलं गाजर जास्त चवदार लागलं. गाजर! ते तर त्या दुकानाचं खास काही नव्हतंच.

मोठी मुलं तरी ओळखतात ना? ओळखतात, पण ओळखणं म्हणजे बचावणं नव्हे. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ९ ते ११ वर्षांच्या मुलांना एका लोकप्रिय यूट्यूबरचा खाऊचा व्हिडिओ दाखवला. काहींना 'ही जाहिरात आहे' अशी स्पष्ट सूचनाही दिली. सूचना वाचलेल्या मुलांनी नंतर तोच खाऊ, खाण्याशी संबंध नसलेला व्हिडिओ पाहिलेल्या मुलांपेक्षा ४१ टक्के जास्त खाल्ला. आपल्याकडे २०२१ पासून ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं इन्फ्लुएन्सरना पोस्टवर जाहिरातीची खूण बंधनकारक केली आहे. ती हवीच. पण खूण लावली की मूल सुरक्षित झालं, असं हा प्रयोग म्हणू देत नाही.

या सगळ्याहून मला पटला तो कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचा दाखला, कारण तो प्रयोगशाळेतला नाही, घराघरातला आहे. तिथे १९८० पासून १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करायला बंदी आहे. एका खेळणी कंपनीनं कोर्टात आव्हान दिलं, पण १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. आता गंमत अशी की माँट्रियल शहरात फ्रेंच बोलणारी मुलं स्थानिक वाहिन्या बघत, आणि इंग्रजी बोलणारी मुलं सीमेपलीकडच्या अमेरिकन वाहिन्याही भरपूर बघत. त्या अमेरिकन वाहिन्यांना हा कायदा लागू नव्हता. एकच शहर, एकच थंडी, पण एका गटाला जाहिराती कमी आणि दुसऱ्याला जास्त. मार्व्हिन गोल्डबर्ग यांनी १९९० मध्ये ही तुलना छापली. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना जाहिरातीतली जास्त खेळणी ओळखता आली, आणि अमेरिकन वाहिन्या जास्त बघणाऱ्यांच्या घरात मुलांसाठीच्या कॉर्नफ्लेक्ससारख्या गोड नाश्त्याचे डबेही जास्त निघाले. 'परिणाम होत नाही' म्हणणाऱ्यांनी त्या स्वयंपाकघरांतली फडताळं डोळ्यांसमोर आणावीत.

आपल्याकडेही नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चिप्स, शीतपेयं अशा पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा फक्त मुलांसाठीच्या वाहिनीवर करता येत नाही. पण आमची मुलं कार्टून सोडून कधीच क्रिकेटकडे आणि फोनकडे वळली आहेत. आयपीएलचा सामना 'मुलांचा कार्यक्रम' नाही, आणि आजोबांच्या मांडीवर बसून तो बघणारं सात वर्षांचं पोर नियमाच्या व्याख्येत बसत नाही. पालकांनी त्या सभेत हा प्रश्न विचारायला हवा होता. त्याऐवजी आपण जाहिरात विकणाऱ्यांच्या अहवालातलं एक वाक्य घेतलं आणि आपल्याच मुलांना माशाशी तोललं.

गेल्या आठवड्यात नववीला मी ती ७६ची गोष्ट सांगितली आणि एक दिवस वहीत जाहिराती मोजायला दिल्या. दुसऱ्या दिवशी आकड्यांवर बोलणं झालंच नाही, कारण काय मोजायचं यावरच वाद पेटला. खेळाडूच्या जर्सीवरचं नाव धरायचं का? गेम खेळताना मिळणारी 'बक्षिसं'? शाळेच्या कंपासवरचं कार्टून? एका मुलीनं विचारलं, तिला आवडणारी ताई रोज सकाळी कॉलेजला जायची तयारी करतानाचा व्हिडिओ टाकते, त्यात ती कुठलं क्रीम लावते ते दिसतं, पण ती नाव घेत नाही, तर मग? अर्ध्या वर्गानं 'जाहिरात' म्हटलं, अर्ध्यानं 'नाही, ती खरंच लावते'. त्या मुलीनं वहीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग मागची पानं उलटून आणखी चार ओळींपुढे काढलं.