‘स्पॅम फिल्टर बंद करा’ या सल्ल्याला उत्तर

‘स्पॅम फिल्टर निरुपयोगी आहे. तो ठरावीक शब्द शोधतो, चांगले मेल गिळतो आणि कचरा आत सोडतो. तो बंद करा. नको ते मेल अनसबस्क्राइब करा, उरलेले पत्ते ब्लॉक करा.’ असा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. नवख्या माणसाने तो खरा मानला तर एखादा फसवा मेल थेट त्याच्यासमोर येऊन पडेल, म्हणून हे लिहितोय.

‘ठरावीक शब्द शोधतो, स्पेलिंग बदललं की फसतो.’ सुरुवातीचे फिल्टर बरेचसे असेच होते. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने गणिती बेझच्या संभाव्यतेच्या नियमावर चालणाऱ्या फिल्टरची पद्धत मांडली आणि ती झपाट्याने पसरली. हा फिल्टर तुमच्याच मेलवरून शिकतो. समजा, तुम्ही हजार टाकाऊ आणि हजार चांगले मेल त्याला दाखवले. ‘बक्षीस’ हा शब्द टाकाऊंपैकी २०० मेलमध्ये आहे आणि चांगल्यांपैकी फक्त दोनमध्ये. मग तो शब्द असलेला नवा मेल टाकाऊ असण्याची शक्यता २०२ पैकी २०० झाली, म्हणजे साधारण ९९ टक्के. पण त्याच मेलमध्ये तुमच्या सहकाऱ्याचं नाव आणि चालू कामाचा उल्लेख असेल, तर ते शब्द पारडं उलट बाजूला झुकवतात. आणि ‘ब@क्षीस’ असं मोडून लिहिलं तर? चांगल्या मेलमध्ये असं कोणी लिहीत नाही. त्यामुळे दोन-चार वेळा शिकवल्यावर ती मोडतोडच स्पॅमची खूण ठरते.

शिवाय फिल्टर मजकुरावर थांबत नाही. स्पॅमअसॅसिन नावाचा फिल्टर वापरणाऱ्या सर्व्हरवरून आलेल्या मेलचं हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी तांत्रिक माहिती, उघडून बघा. प्रत्येक खटकणाऱ्या गोष्टीला थोडे थोडे गुण दिलेले दिसतील. मूळ सेटिंगमध्ये बेरीज पाचवर गेली की मेल स्पॅम ठरतो. एकट्या ‘फ्री’ शब्दावर सहसा कोणाचा मेल अडत नाही.

‘चांगले मेल गिळतो.’ हे खरं आहे आणि मी ते भोगलंय. मुलाखतीचं एक बोलावणं माझ्या स्पॅम फोल्डरमध्ये नऊ दिवस पडून होतं. पण ते तिथे होतं, हे महत्त्वाचं. स्पॅम फोल्डर म्हणजे लगेच रिकामी होणारी कचरापेटी नव्हे. जीमेल त्यातले मेल ३० दिवस ठेवतं. आठवड्यातून एकदा तिथे नजर टाका, चुकून गेलेल्या मेलवर ‘स्पॅम नाही’ दाबा. त्या दाबण्याने फिल्टर शिकतो. फिल्टर बंद केला असता, तर तेच बोलावणं शंभर जाहिरातींच्या ढिगात आलं असतं आणि भराभर डिलीट करताना माझ्याच बोटाने उडालं असतं. चूक माणसाचीही होते, फक्त ती कुठल्या फोल्डरमध्ये सापडत नाही.

‘सगळं अनसबस्क्राइब करा.’ ज्या दुकानाला, संस्थेला तुम्ही स्वतः पत्ता दिलात, तिथे जरूर करा. रोज पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकची अनसबस्क्राइब सोय द्यावी, असा नियम गूगलने २०२४ मध्ये लागू केला. पण अनोळखी ठगाच्या मेलमधल्या त्याच शब्दावर क्लिक केलंत, तर हा पत्ता चालू आहे आणि इथे कोणीतरी मेल उघडतं, एवढं त्याला कळतं. कधी ती लिंक खोट्या लॉगिन पानावरच नेते. असा मेल उघडला गेलाच तर ‘स्पॅम’ दाबून बाहेर पडा.

राहिलं ब्लॉक करणं. मेल पाठवण्याची मूळ पद्धत १९८२ ची. ‘प्रेषक’ म्हणून लिहिलेला पत्ता खरा आहे का, हे ती तपासतच नाही. ठग दर खेपेला नवा पत्ता लिहितो आणि तुम्ही कालचा ब्लॉक करत बसता. ती तपासणी नंतर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पद्धतींनी आणली. मेल खरंच त्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या, परवानगीने निघाला का, हे त्यांवरून कळतं, आणि हा निकाल वापरून मेल अडवतो तो फिल्टरच.