इस्लामी कलेत माणसाचे चित्र नसते?

‘इस्लाममध्ये सजीवांची चित्रे काढण्यास बंदी असल्यामुळे मध्ययुगीन मुस्लिम कलावंतांच्या हाती नक्षी, भूमिती आणि सुलेखन एवढेच उरले,’ असे विधान समाजमाध्यमांवर, कधी कौतुकाने तर कधी कुत्सितपणे, फिरत असते. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही; मात्र जेवढे आहे त्याच्या कितीतरी पट ते ताणलेले आहे.

ही बंदी कुराणातच आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. कुराणात निषेध आहे तो मूर्तिपूजेचा. चित्र काढू नये असे थेट सांगणारी आयत त्यात नाही. चित्रकारांविषयीची कठोर वचने हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहांत, येतात आणि त्यांची व्याप्ती किती मानायची यावर धर्मशास्त्र्यांचे एकमत नव्हते. व्यवहारात ही मर्यादा कसोशीने पाळली गेली ती मुख्यतः मशिदींत आणि कुराणाच्या प्रतींत. दमास्कसच्या उमय्या (या खलिफा घराण्याच्या) मशिदीतील, इ.स. ७१५च्या सुमाराच्या काचतुकड्यांच्या भित्तिचित्रांत नदी आहे, झाडे आहेत, घरे आहेत. माणूस मात्र एकही नाही.

मशिदीचा उंबरा ओलांडला की चित्र पालटते. जॉर्डनच्या वाळवंटातील कुसैर अम्रा या आठव्या शतकातील उमय्या प्रासादात शिकारी आहेत, स्नान करणाऱ्या स्त्रिया आहेत आणि तंतुवाद्य वाजवणारे एक अस्वलही आहे. बगदादमध्ये १२३७ साली याह्या अल्-वासिती याने हरीरी या अरबी लेखकाच्या ‘मकामात’ या कथासंग्रहाची प्रत स्वतः लिहिली आणि चितारली, तिच्यातील नव्व्याण्णव चित्रांत बाजार, ग्रंथालय, उंटांचा कळप, इतकेच काय, बाळंतपणाचा प्रसंगही आहे.

‘ही कामे परधर्मीय कारागिरांची,’ हा यावरचा ठरलेला बचाव. त्याला अफगाणिस्तानातील हेरातची एक बादली पुरेशी आहे. तांबे-चांदीच्या जडावाची ही धातूची बादली ११६३ सालची असून सध्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. तिच्यावर ओतकाम करणारा मुहम्मद इब्न अब्दुल वाहिद आणि नक्षी करणारा मसूद इब्न अहमद अशी नावे कोरली आहेत. गंमत म्हणजे तिच्यावरील काही लेखांत अरबी अक्षरांच्या उभ्या दांड्यांना वर माणसांची डोकी फुटली आहेत. सुलेखन हा चित्राला पर्याय होता म्हणणाऱ्यांनी ही अक्षरे एकदा निरखून पाहावीत.

भूमितीचे म्हणाल तर जेरिकोजवळच्या खिरबत अल्-मफजर येथे, एकाच स्नानगृह-संकुलात, गालिच्यासारख्या भौमितिक फरशा आणि हरणावर झडप घालणारा सिंह दोन्ही आहेत. एक नाही म्हणून दुसरे, असा प्रकार तिथे दिसत नाही.

आपल्याकडचे उदाहरण पुण्यातच आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहातील ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे अहमदनगरच्या निजामशाहीतील सचित्र फारसी काव्य १५६५च्या सुमाराचे आहे. त्यातील एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते, म्हणजे संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत सुलतानाच्या दरबारी चित्रात उतरला आहे. या पोथीत चित्रे पुसल्याच्या खुणा आहेत हे खरे; पण त्या खुणा धर्मापेक्षा दरबारी राजकारणाकडेच बोट दाखवतात. पुसली गेली ती हुसेन निजामशहाची राणी खुंजा हुमायून; पतीमागे कारभार पाहणाऱ्या या राणीला तिच्याच मुलाने, मुर्तझाने, १५६९मध्ये कैदेत टाकले. चित्रांत हुसेन निजामशहा मात्र आपल्या जागी शाबूत बसलेला आहे.