रूझवेल्ट यांनी बेसबॉलपटूंना सूट दिली नव्हती

‘दुसऱ्या महायुद्धात रूझवेल्टनी पत्र लिहून बेसबॉलपटूंना सैन्यभरतीतून सूट दिली. एकही खेळाडू मेला नाही, सामने पूर्वीसारखेच रंगले. खेळाडू कसे जपावेत ते अमेरिकेकडून शिका!’ हा मेसेज कधीचा फिरतोय. परवा माझ्या भाचीने तो शाळेतल्या भाषणासाठी उतरवून घेतला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

पत्र खरं आहे, छोटंसंच आहे. 15 जानेवारी 1942 ला अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, लँडिस यांना कळवलं की खेळ चालू राहणं देशाच्या भल्याचं आहे. मेसेजवाले एवढंच सांगतात. त्याच पत्रात पुढे स्पष्ट लिहिलंय की लढाईच्या वयाच्या खेळाडूंनी सैन्यात गेलंच पाहिजे. वय झालेले खेळाडू घेऊन संघांचा दर्जा उतरला तरी लोकप्रियता कमी होणार नाही, असंही त्यात आहे. यात सूट कुठे दिसते?

‘एकही मेला नाही’ याचा मला सर्वांत जास्त संताप येतो. वॉशिंग्टनच्या संघाकडून खेळलेला एल्मर गेडियन बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होता. 20 एप्रिल 1944 ला फ्रान्सवर त्याचं विमान पाडलं गेलं. फिलाडेल्फियाच्या संघाचा हॅरी ओ’नील मार्च 1945 मध्ये इवो जिमा या जपानी बेटावरच्या लढाईत मारला गेला. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, तो जेमतेम एक सामना खेळला होता, बॅटिंगही मिळाली नव्हती. हे दोघे स्टार नव्हते, म्हणून ते मेलेच नाहीत असं म्हणायचं का? खालच्या पातळीवरच्या मायनर लीगमधले तर कितीतरी गेले.

स्टारही सुटले नाहीत. मेजर लीगचे पाचशेहून जास्त खेळाडू गणवेशात होते. बॉब फेलरचे वडील कॅन्सरने आजारी होते, घर त्याच्यावर होतं, त्याला खरंच सूट मिळाली असती. पर्ल हार्बरवर हल्ला होताच तो आपणहून नौदलात भरती झाला. टेड विल्यम्सचे 1943 ते 1945 हे तीन हंगाम गेले, नंतर कोरियाच्या युद्धातही त्याला बोलावलं.

सामने पूर्वीसारखे? 1944 मध्ये सिनसिनाटीने 15 वर्षांच्या जो नक्सहॉलला पिचिंगला, म्हणजे चेंडू टाकायला, उतरवलं. पुढच्या वर्षी सेंट लुईसकडून एका हाताचा पीट ग्रे खेळला.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. जो डिमॅजिओसारखे काही स्टार सैन्यात जाऊनही मुख्यतः बेसबॉलच खेळले, लष्करी संघांतून. पण तेही भरती झालेले सैनिकच होते, आणि डिमॅजिओचेसुद्धा तीन हंगाम बुडाले.