रस्ता संपू नये म्हणून

समजा, उद्या तुमच्या हाती एखादा महामार्ग आला. हसू नका. लोकशाही आहे, कोणाच्या हाती काय येईल सांगता येत नाही. हाती आल्या आल्या तुमच्या मनात येईल की आता हा बांधायचा कसा. इथेच चुकलात. बांधायला काय, कोणीही बांधतं. कोकण रेल्वेवाल्यांनी १९९० साली कामाला हात घातला, नव्वदहून जास्त बोगदे खणले आणि २६ जानेवारी १९९८ला रोह्यापासून मंगळूरकडे अख्खी लाइन चालू करून मोकळे झाले. आज त्यांचं नाव कोण काढतं? गणपतीचं बुकिंग मिनिटात संपलं की तेवढ्यापुरतं, तेही शिवी हासडायला.

उलट मुंबई-गोवा महामार्ग बघा. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पट्टा चौपदरी करायला २०११मध्ये घेतला. तेव्हा बालवाडीत जाणारी पोरं आता स्वतः गाडी चालवत त्याच रस्त्याने गावी जातात आणि त्याच ठिकाणी अडकतात. दर श्रावणात या रस्त्याची बातमी, दर अधिवेशनात प्रश्न, मधूनमधून हायकोर्टात तारीख. असं भाग्य पुऱ्या झालेल्या रस्त्याला कधी लाभत नाही.

तेव्हा पहिलं काम, रस्त्याचे तुकडे पाडा. इंदापूरपर्यंत दिल्लीचं प्राधिकरण, तिथून खाली राज्याचं बांधकाम खातं, त्यातही पुन्हा पॅकेजं, दर पॅकेजाला वेगळा ठेकेदार आणि त्याच्या हाताखाली पोटठेकेदार. मग खड्डा कोणाचा असं कोणी विचारलं की प्रत्येकाने शांतपणे पुढच्याकडे बोट दाखवायचं. आपल्याकडे बांधावरून भाऊ भाऊ तीन पिढ्या कोर्टात जातात, इथे तर बांध सरकारी आहे.

जमीन ताब्यात यायची वाट बघत बसू नका, काम आधी सुरू करा. कोकणातला सातबारा तुम्ही बघितला असेलच. पाच गुंठ्यांवर सत्तावीस नावं. त्यातले नऊ मयत, वारसनोंद नाही, एक काकू परळला, चुलते डोंबिवलीला, आणि एक नाव असं की ते कोणाचं हे घरात कोणालाच ठाऊक नाही. मोबदल्याच्या नोटिशीवर या सगळ्यांच्या सह्या व्हायच्या आहेत. तोवर मिळेल तिथे काँक्रीट ओता, अडेल तिथे सोडून द्या. गुळगुळीत काँक्रीटवरून ऐंशीने येणारा माणूस अचानक बाण रंगवलेल्या पत्र्यापाशी मातीत उतरला, की त्याला आपण कोकणात आल्याची खात्री पटते.

डोंगर उभा कापा. उतार देत बसलात तर जमीन जास्त लागते आणि डोंगरही जागच्या जागी राहतो. जांभा, त्याखाली चिकण माती आणि वर वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, एवढं साहित्य हाताशी असल्यावर पुढचं पाऊसच बघून घेतो. परशुराम घाटाने हे करून दाखवलंय. पुलांच्या बाबतीत चिपळूणच्या बहादूरशेख नाक्याचा उड्डाणपूल आठवा. ऑक्टोबर २०२३मध्ये काम चालू असतानाच त्याचे गर्डर कोसळले. नशीब, माणसं वाचली. वाहतूक सुरू होण्याआधी पडलेला पूल हा तसा सोयीचाच म्हणायचा.

आता सगळ्यात नाजूक भाग: मुदत. मुदत नेहमी गणपतीचीच द्यावी. गणपतीच्या आधी अडीच-तीन महिने पाऊस असतो, पावसात काम होत नाही, हे कोणालाही पटतं. आठ दिवस उरले की पाहणी दौरा काढायचा. पुढे जेसीबी, मागे गाड्यांचा ताफा, आणि मधल्या खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक. अंगणात बसवायचे ते ब्लॉक हायवेवर कसे, असं विचारू नका. दीड दिवसाच्या गणपतीपर्यंत टिकतात. काही तरी उघडून दाखवणंही भाग असतं. २०२३ला कशेडी बोगद्याची एक बाजू अशीच गणपतीला उघडली. पुढच्या पावसात आत पाणी गळायला लागलं. बरोबरच आहे, कोकणातलं कुठलं घर पहिल्या पावसात गळत नाही?

एक चूक मात्र टाळा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल पुरात वाहून गेला. त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या, माणसं गेली. कित्येक दिवस लोक नदीकाठाने, खाडीपर्यंत, आपली माणसं शोधत होते. त्यानंतर त्याच नदीवर नवा पूल बांधला तो १६५ दिवसांत. साडेपाच महिने! अडचणी सगळ्या होत्या त्याच होत्या, कोकण तेच, खातंही तेच. तरी झाला. तेव्हापासून लोकांना एक वाईट खोड लागली आहे, ते हिशोब विचारतात. असा पूल पुन्हा कुठे बांधू नका.

लोक फारच मागे लागले तर दुसरा रस्ता जाहीर करा. सागरी महामार्ग आहे, अंतुल्यांच्या काळापासूनचा. शिवाय नवा कोकण द्रुतगती महामार्ग आहे. पहिल्या पंगतीला भात आला नसताना दुसऱ्या पंगतीची पानं मांडली की पाहुणे निदान उठून जात नाहीत. आणि समृद्धीचं नाव काढू नका. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर २०२५च्या जूनमध्ये पूर्ण झाले, हे कोकणातल्या माणसासमोर बोलणं सभ्यपणाचं नाही.

राहता राहिले प्रवासी. त्यांची काळजी करू नका. त्यांनी केव्हाच खालापूर, पुणे, कोल्हापूर, मग गगनबावडा किंवा आंबोली असा स्वतःचा बायपास काढलाय. जे हट्टाने याच रस्त्याने येतात, ते माणगावात स्टँडपाशी थांबतात. गेल्या वर्षी आमची गाडी तिथे इतकी थांबली की वडेवाल्या पोराने पैसे घेतले, सुट्टे आणायला गेला, वाटेत चहा प्यायला आणि परत येऊन सुट्टे दिले. गाडी तिथेच होती. मागच्या सीटवर मखराचा थर्माकोल मांडीवर घेऊन बसलेली आई म्हणाली, “आपण आरती इथंच करूया का?”

पुढे महाड सोडल्यावर एका वाडीजवळ रस्त्याच्या मधोमध मोठा खड्डा होता. वाडीतल्या लोकांनी गाड्यांना कळावं म्हणून त्यात पांगाऱ्याची फांदी रोवून वर लाल फडकं बांधलं होतं. रोवली असेल मृगात. आम्ही गेलो तेव्हा तिला चांगली हातभर पालवी फुटली होती. चौपदरीकरणात जी झाडं तोडली, त्यांच्या बदल्यात लावायच्या झाडांचा आकडा तुम्हाला कुठे तरी दाखवावा लागेलच. त्यात ही एक धरता येते का बघा.