आवाज तर तसाच आहे

रविवारी सकाळी सव्वातीन तास बॉनेटखाली वाकून मी माझ्या जुन्या मोटारीच्या आठही व्हॉल्व्हचे (इंजिनाच्या झडपांचे) टॅपेट सेट केले, म्हणजे त्यांच्यावरची फट जुळवली. त्यानंतर गाडी सुरू केली, तेव्हा शेजारच्या काकांनी कान तिरका करून जे चार शब्द उच्चारले, तेच मथळ्यात दिले आहेत. माझी पाठ आता बरी आहे. ते शब्द मात्र अजून दुखतात.

काम सांगायला अगदी सोपे आहे. रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा आखूड दांडा, आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये इंजिन थंड असताना थोडी फट ठेवायची असते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे इनलेटला (आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.२० आणि एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्याला) ०.२५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन-चार केसांएवढी. फट जास्त झाली की इंजिन टकटक करते. कमी झाली तर तापल्यावर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तर आपली बरीचशी उष्णता मिटलेल्या अवस्थेतच बैठकीला देत असल्यामुळे तो चक्क जळतो. इंजिन रात्रभर थंड झालेले हवे, म्हणून हे काम सकाळी करावे, असे पुस्तिका सांगते. काकांची फेरीही सकाळीच असते, याचा उल्लेख तिच्यात कोठेही नाही.

"गाडी बंद पडली का?" दोन्ही हात पाठीमागे बांधून काकांनी विचारले.

"नाही काका, टॅपेट सेट करतो आहे."

"पण चालत होती ना?"

"चालत होती."

"मग उघडली कशाला?"

महिनाभर रोज सकाळी "तुमची गाडी फार टकटक करते हो" असे मला ऐकवणारे हेच गृहस्थ. मी उत्तर न देता काढलेले प्लग बाजूला ठेवले आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवू लागलो. तिसरा व्हॉल्व्ह पूर्ण खाली गेला, तसा मी सहाव्याकडे वळलो.

"अहो, चुकताय. खाली गेला तो तिसरा."

"हो, म्हणूनच सहावा करायचा."

काका आणखी दोन पावले जवळ आले. "तिसरा उघडला म्हणून सहावा?"

"सहा आणि तीन नऊ. पाचवा उघडला की चौथा, आठवा उघडला की पहिला. बेरीज नऊ आली पाहिजे."

"नऊच का? दहा का नाही?"

आता या प्रश्नाला खरे उत्तर आहे, आणि ते मी, तेलाने माखलेल्या हातांनी हवेत आकृत्या काढत, सविस्तर दिले. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला व चौथा पिस्टन बरोबरीने वर-खाली होतात, तसेच दुसरा व तिसरा. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा, म्हणजे उंचवट्यांचा, दांडा (कॅमशाफ्ट) पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे चौथ्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतो, तेव्हा पहिल्याच्या तशाच व्हॉल्व्हकडे कॅमची पाठ असते, आणि फट मोजायची ती तेव्हाच. काकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे अंदाजपंचेच," ते म्हणाले.

या व्याख्यानाच्या भरात चौथा झाला होता की पाचवा, हे मी विसरलो, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

हे काम मुळात तीन हातांचे आहे. एका हाताने फीलर गेजचे, म्हणजे फट मोजायचे ठरावीक जाडीचे, पाते फटीत धरायचे, दुसऱ्याने स्क्रू जागच्या जागी दाबून ठेवायचा आणि तिसऱ्याने लॉकनट आवळायचा. दोन हातांच्या माणसाने नट आवळला की स्क्रूही त्याच्याबरोबर किंचित फिरतो, आणि एवढ्या कष्टाने जुळवलेली फट पुन्हा बिघडते. समोर पाठीमागे बांधलेले दोन हात आयते उभे होते. पण ते मागण्याचे धाडस मला झाले नाही. वर पुस्तिकेने लिहावे, की पाते सरकवताना "हलकी ओढ" जाणवली पाहिजे. हलकी म्हणजे किती? पहिल्या व्हॉल्व्हला मला जी ओढ हलकी वाटली, ती आठव्याला पोहोचेपर्यंत बोटे बधिर झाल्यामुळे वाटेनाशी झाली. ज्याने ते वाक्य लिहिले, त्याने टेबलाशी बसून लिहिले असणार, आणि त्याच्या शेजारी कोणी उभे नसणार.

शेवटी कव्हर बसवले, प्लग लावले आणि गाडी सुरू केली. आधी जणू डब्यात खिळे हलत होते. आता शिवणयंत्रासारखी मंद, एकसारखी टिकटिक येत होती. काकांनी कान तिरका केला आणि ते चार शब्द उच्चारले.

थोडा आवाज यायलाच हवा, अगदी गप्प झालेले टॅपेट हीच खरी भीतीची गोष्ट, हे मी त्यांना सांगितले. ते सहानुभूतीने हसले. क्षणभर माझ्या मनात असेही आले, की आठही स्क्रू पाव-पाव फेरा आवळून टाकावेत. व्हॉल्व्ह जळतील ते पुढे कधीतरी, आत्ता या माणसाच्या कानाला शांतता तर मिळेल. तेवढ्यात ते म्हणाले, "माझ्या ओळखीचा एक चांगला मेकॅनिक आहे. नंबर देऊ का?"

सोमवारी सकाळी मी खाली आलो, तेव्हा काका आधीच गाडीपाशी उभे होते. त्यांचा एक हात प्रथमच पाठीमागून सुटलेला होता, आणि त्याचे बोट गाडीखालच्या, बांगडीएवढ्या, तेलाच्या काळ्या डागाकडे होते. टॅपेट कव्हरचे जुने पॅकिंगच मी पुन्हा बसवले होते.

"हे आधी होत होतं का?" त्यांनी विचारले.

नव्हते होत.