नववीतल्या मुलीने बर्क वाचला तर काय बिघडते?

आज एका परिचितांनी आपल्या नववीतल्या मुलीच्या हातातून अठराव्या शतकातला परंपरावादी ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क याचे पुस्तक काढून घेतल्याचे मोठ्या अभिमानाने सांगितले, भोवतालच्या सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे. ‘या वयात भलते काही डोक्यात शिरायला नको’, हे त्यांचे कारण. हेच वाक्य उद्या पलीकडच्या गोटातून आपल्या आवडत्या पुस्तकांविषयी आले, तर आपण सगळे निषेध नोंदवायला धावू.

मीही बर्क नववीतच वाचला. फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारे त्याचे १७९० सालचे पुस्तक शब्दकोश शेजारी घेऊन वाचताना, राणी मारी आंत्वानेतच्या दुर्दशेवर तो गहिवरतो त्या परिच्छेदाशेजारी, समासात, मी पेन्सिलीने लिहिले होते: ‘आणि उपाशी माणसांचे काय?’ शाळेतल्या एका शिक्षकांनी मुखपृष्ठ पाहिले, ‘हे प्रतिगामी आहे, परत करून टाक’ म्हणाले आणि निघून गेले. समासातला प्रश्न त्यांनी पाहिलाच नाही, याचा राग मला आजही येतो.

कारण त्या प्रश्नासाठीच मी बर्कला उत्तर देणाऱ्या, क्रांतीच्या बाजूच्या टॉमस पेनपर्यंत पोहोचले. बर्कला पिसांची कीव येते, पण मरणाऱ्या पक्ष्याचा विसर पडतो, असे पेनने १७९१ मध्ये लिहून ठेवले होते. माझा पेन्सिलीतला प्रश्न दोनशे वर्षे आधीच छापून आलेला पाहून मला जो आनंद झाला, तो बर्क वाचला नसता तर झाला असता का? क्रांतीच्या गोंधळातून एखादा लोकप्रिय सेनापती सत्ता बळकावेल, हे नेपोलियनच्या १७९९ च्या सत्तांतराआधीच बर्कने लिहिले होते, हे तरी कोणी त्या मुलीला सांगणार आहे का? अमेरिकी वसाहतींशी समेट करा म्हणून संसदेत बोलणारा आणि बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारा माणूसही हाच. समाज म्हणजे हयात, मृत आणि अजून न जन्मलेल्या माणसांची भागीदारी, हा त्याचा विचार तर पर्यावरणाविषयी बोलताना आपण रोज वापरतो, फक्त त्याचे नाव घेत नाही.

त्याने सामान्य जनतेला डुकरांची उपमा दिली, हे खरे आहे, आणि त्याच्या भाषेच्या मोहात एखादे चौदा वर्षांचे मूल वाहवतही जाईल. जाऊ दे.

त्या वडिलांची भीती मला कळत नाही असे नाही. आपले मूल आपल्यापासून दूर जाईल, ही धास्ती प्रत्येक घरात असते. पण घरातल्या मुलांना नेमके काय द्यावे, असे कोणी विचारलेच, तर मी म्हणेन की बर्कशेजारी स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारी त्याच काळातली मेरी वोलस्टनक्राफ्ट ठेवा. तिने पेनच्याही आधी, बर्कचे पुस्तक आल्यावर अवघ्या काही आठवड्यांत उत्तर दिले होते, आणि ती बर्कवर जितकी चिडते तितके चिडणे आपल्यापैकी कोणालाच जमलेले नाही.